नवीन डिग्री कोर्स काढायचाय? सिलॅबस नंतर लिहा, आधी हे वाचा

ॲडमिशनची गडबड संपली की मुंबईतल्या कुठल्या ना कुठल्या स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच, "आपण पण एक नवीन कोर्स काढूया ना सर, सगळे काढतायत." मग प्रिन्सिपल खूश होतात, दोन ज्युनियर मॅडमना कामाला लावलं जातं, त्या बिचाऱ्या गणपतीच्या सुट्टीत घरी बसून सहा सेमिस्टरचा सिलॅबस टाइप करतात, रेफरन्स बुकांसकट, आणि मग कळतं की त्या नावाची डिग्रीच देता येत नाही, किंवा येते पण ती आपल्या विद्याशाखेत बसत नाही, किंवा सगळं बसतं पण अर्जाची तारीख मागच्या महिन्यातच गेली. कोर्स अडकतो तो सिलॅबसवर फार क्वचित. अडकतो नावावर, क्रेडिटच्या हिशोबावर आणि कॅलेंडरवर. म्हणून इथे सगळं त्याच क्रमाने लिहितोय, आणि मुंबई विद्यापीठ धरूनच लिहितोय कारण आपल्यातल्या बहुतेकांना तेच लागणार आहे, मग कॉलेज कुलाब्यात असो नाहीतर सावंतवाडीत.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण इथेच निम्मा गोंधळ होतो. परवानग्या दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. एक, विद्यापीठात तो कोर्स अस्तित्वात येणं, म्हणजे नाव, पात्रता, क्रेडिट, परीक्षा पद्धत, सिलॅबस हे सगळं विद्यापीठाच्या मंडळांनी मंजूर करणं. दोन, तुमच्या कॉलेजला तो कोर्स चालवायची परवानगी मिळणं, आणि ही परवानगी विद्यापीठाच्या शिफारशीवर राज्य शासन देतं. बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटमध्ये आयओडी, म्हणजे अटींसह पहिली मंजुरी, आली म्हणून कोणी खोदायला घेत नाही, सीसी म्हणजे काम सुरू करायचा दाखला यावा लागतो, तसंच हे. विद्वत परिषदेत, म्हणजे अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या वरच्या मंडळात, कोर्स पास झाला म्हणून पेढे वाटणारी कॉलेजं मी बघितलीयत, त्यांच्याकडे दुसरी परवानगी नव्हतीच. आणि उलटंही असतं, कोर्स विद्यापीठात वर्षानुवर्षं चालू आहे, तुम्हाला फक्त तुमच्याकडे सुरू करायचाय, जसं डेटा सायन्सचं सगळीकडे झालं, तर पहिल्या भागाची तुम्हाला गरजच नाही, सरळ कॉलेजच्या अर्जाचा भाग आहे तिथे उडी मारा.

आता नाव. समजा तुमचं कॉलेज रायगड किंवा पालघरच्या किनाऱ्यावर कुठेतरी आहे आणि तुम्हाला किनारपट्टीच्या पर्यटनावर डिग्री कोर्स काढायचाय. कल्पना चांगली आहे, होमस्टेवाले आहेत, जेट्टी आहे, मुलं तिथलीच आहेत. पहिला मोह होतो तो "बॅचलर ऑफ कोस्टल टुरिझम" असं झोकदार नाव ठेवायचा. थांबा. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या १९५६च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की डिग्री फक्त विद्यापीठांनी द्यायची आणि डिग्री म्हणजे यूजीसीने राजपत्रात जाहीर केलेल्या यादीतलीच. ती यादी २०१४ची आहे, नेटवर मिळते, प्रिंट काढून टेबलावर ठेवा. यादीत बी.ए. आहे, बी.एससी. आहे, बी.कॉम. आहे, बी.व्होक. आहे. नवीन नाव यादीत घालायला यूजीसीकडे जाता येतं, पण तो विद्यापीठाने करायचा वेगळा पत्रव्यवहार आहे आणि एका कोर्ससाठी कोणी तो उद्योग करत बसत नाही. सोपा रस्ता म्हणजे यादीतली डिग्री घ्या आणि तुमचा विषय कंसात टाका. बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स) ज्याला सगळे बीएएफ म्हणतात ते असंच आहे, आणि जुनं बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) होतं त्याचं २०१९च्या सुमारास बी.ए. मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन झालं तेही याच चालीवर.

म्हणजे बी.ए. (कोस्टल टुरिझम) की बी.कॉम. (कोस्टल टुरिझम) की बी.एससी.? हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही हो. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली चारच विद्याशाखा आहेत, विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय. तुम्ही बी.ए. म्हटलंत की फाइल मानव्यविद्येच्या डीनकडे गेली, बी.कॉम. म्हटलंत की वाणिज्यच्या, आणि त्याबरोबर अभ्यास मंडळ बदललं, बारावीची पात्रता बदलली, कुठल्या पदवीचा शिक्षक चालेल ते बदललं, प्रॅक्टिकल धरायचं की नाही तेही बदललं. तुमच्याकडे भूगोलाची दोन माणसं अप्रूव्हड, म्हणजे विद्यापीठाने मान्य केलेली, आहेत आणि कॉमर्सचं कोणी नाही, तर बी.कॉम. हे नाव तुमच्यासाठी नाही, मार्केटमध्ये कितीही खपत असलं तरी. नाव ठरवायच्या आधी आपल्या स्टाफची यादी बघा, हा माझा पहिला सल्ला.

आणि नावात "मॅनेजमेंट" किंवा "टेक्नॉलॉजी" घालताना दहादा विचार करा. २०२४-२५पासून एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, बीबीए, बीसीए, बीएमएस आपल्याकडे घेतले, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा लागू झाली, आणि मग मुंबईत काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, कित्येक कॉलेजांनी बीएमएसची पाटी उतरवून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) लावली. कोणी याला पळवाट म्हणेल, मला ते तितकं चूक वाटत नाही, कारण साध्या कॉमर्स कॉलेजला एआयसीटीईचे नियम पाळणं खरंच जड जातं. पण तुम्ही नव्याने काढताय तर त्या भानगडीत मुळात पडूच नका, जोवर तुम्हाला मुद्दाम एआयसीटीईची मान्यता हवी नाही. बी.एड.सारखं काही असेल तर एनसीटीई म्हणजे शिक्षक शिक्षणाची राष्ट्रीय परिषद, लॉ असेल तर बार कौन्सिल, फार्मसी असेल तर फार्मसी कौन्सिल, त्यांची मान्यता वेगळी आणि तिचं वेळापत्रकही वेगळं. मेडिकल, नर्सिंग वगैरे तर मुंबई विद्यापीठाकडे नाहीच, ते नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

नाव झालं की क्रेडिट, म्हणजे शिकवण्याच्या तासांवरून विषयाला मिळणारं वजन. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून इथे फार कोणाची मर्जी चालत नाही, सांगाडा शासनाच्या जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, ठरलेला आहे, २० एप्रिल २०२३चा पहिला मोठा जीआर आणि त्यानंतरचे सुधारित. ढोबळ हिशोब असा की एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट (मुंबईत २२ धरा), वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या डिग्रीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एक वर्षाने मूल बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, म्हणून प्रत्येक वर्षाच्या शेवटी काहीतरी धड हातात पडेल असा कोर्स आखावा लागतो. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास.

आता इथे प्रत्येक विषयाच्या माणसाला धक्का बसतो. पहिल्या सेमिस्टरच्या त्या २२ क्रेडिटमध्ये तुमच्या मेजर म्हणजे मुख्य विषयाला साधारण ६च येतात. बाकीचे ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, स्किल एनहान्समेंट, भाषा, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञान प्रणाली, को-करिक्युलर यांनी आधीच वाटून घेतलेत. पुढच्या सेमिस्टरमध्ये मेजर वाढत जातं, मायनर येतं, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट येतं, पण सुरुवातीला जागा ही एवढीच. म्हणजे किनारपट्टीच्या कोर्समध्ये पहिल्या सेमिस्टरलाच भरती-ओहोटी, सीआरझेड म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, हॉटेलचा हिशोब, गाइडिंग, लोकसंस्कृती सगळं कोंबायचा विचार असेल तर ते बसणारच नाही. मेजरमध्ये दोन पेपर, एक ४ क्रेडिटचा एक २चा, बस. पण जरा डोकं चालवलंत तर बाकीच्या रकान्यांतही तुमचाच विषय शिरतो. गाइडिंगचं कौशल्य व्होकेशनल स्किलमध्ये टाका, मच्छीमारांचं पारंपरिक हवामानज्ञान भारतीय ज्ञान प्रणालीत जातं, होमस्टेवर पंधरा दिवस राहून केलेलं काम फील्ड प्रोजेक्टमध्ये, आणि चांगलं ऑन जॉब ट्रेनिंग तर अशा कोर्सचा जीवच आहे. ज्यांनी हे रकाने ओझं म्हणून भरले त्यांचे कोर्स वाचतानाच कळतात, सगळीकडे तेच कॉपी-पेस्ट केलेलं कम्युनिकेशन स्किल्स.

एक एक्सेल शीट करा, आडवे रकाने या सगळ्या व्हर्टिकलचे, म्हणजे वर सांगितलेल्या गटांचे, उभ्या ओळी सेमिस्टरच्या, प्रत्येक ओळीची बेरीज २२ आली पाहिजे. ही शीट सिलॅबसच्या आधी करायची. आणि तिच्याच शेजारी दुसरी शीट, कोण शिकवणार. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास, असोसिएट आणि प्रोफेसरला १४, एवढा वर्कलोड धरतात, तेव्हा तुमच्या कोर्सला तिसऱ्या वर्षापर्यंत किती माणसं लागतील ते तिथेच दिसतं. संस्थेच्या ट्रस्टींना ही दुसरी शीट दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण कोर्स जवळपास नक्की स्वयंअर्थसहाय्यितच मिळणार आहे, शासन पगार देणार नाही, फीमधूनच सगळं भागवायचं.

मग अभ्यास मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ स्टडीज, सगळे बीओएसच म्हणतात. या मंडळात विभागप्रमुख असतात, शिक्षक असतात, बाहेरच्या विद्यापीठातला एखादा असतो, इंडस्ट्रीतला असतो. विषय नवा असेल आणि कुठल्याच मंडळात नीट बसत नसेल तर तदर्थ अभ्यास मंडळ नेमतात, ते नेमून घ्यायलाही वेळ जातो हे धरून चाला. चेअरमनना आधी भेटा, तयार फाइल घेऊन नको, दोन पानांची टिपणी घेऊन. त्यात चार गोष्टी पुरेत, कोर्स कशासाठी, कोणासाठी, शिकून झाल्यावर मुलं काय करणार, आणि असा कोर्स विद्यापीठाच्या सात जिल्ह्यांत आधीच कुठे चालू आहे का. शेवटचा प्रश्न मीटिंगमध्ये शंभर टक्के येतो. कारण विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढा आहे आणि टेबलावर बसलेल्या कोणाच्या तरी कॉलेजात त्यासारखं काहीतरी असतंच. "टुरिझमचं आहे की आधीच" असं म्हटलं जाईल, तेव्हा फरक काय हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, पाचव्या स्लाइडवर नाही.

मुंबई विद्यापीठाच्या सिलॅबसच्या सुरुवातीला एक तक्ता असतो, तो नीट बघा, कुठलाही अलीकडचा मंजूर सिलॅबस साइटवरून उतरवला तर मिळेल. कोर्सचं नाव, पात्रता, कालावधी, प्रवेशक्षमता, परीक्षेची पद्धत, पासिंगचं स्टँडर्ड, क्रेडिट स्ट्रक्चर, किती सेमिस्टर, प्रोग्रामची ॲकॅडमिक लेव्हल, स्टेटस नवीन की सुधारित, कुठल्या वर्षापासून लागू. खाली बीओएस चेअरमन, असोसिएट डीन, डीन यांच्या सह्यांच्या जागा. माझं मत असं की मीटिंगमधल्या अर्ध्या लोकांनी फक्त हा तक्ता वाचलेला असतो, आणि चूकही इथेच पकडली जाते. ॲकॅडमिक लेव्हल घ्या, पहिलं वर्ष ४.५, दुसरं ५.०, तिसरं ५.५, चौथं ६.०, हे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातून आलंय. पहिल्या दोन सेमिस्टरचा सिलॅबस देताय आणि लेव्हल ५.५ लिहिलीय असं झालं की मीटिंगमध्ये हसू होतं आणि मग सगळेच बारकाईने वाचायला लागतात, जे तुम्हाला नको असतं. पात्रतेच्या ओळीत "बारावी कोणत्याही शाखेतून" लिहायचं की "बारावी भूगोलासह" याने तुमच्या ॲडमिशनचा आकडा ठरणार आहे, ती ओळ एकट्याने ठरवू नका.

सिलॅबसच्या आतल्या पानांबद्दल फार सांगत नाही, ते तुम्हाला येतं. फक्त कोर्स आउटकममध्ये "विद्यार्थ्यांना समजेल", "माहिती होईल" असं लिहू नका, आजकाल कोणी ना कोणी ब्लूमचा शिकण्याच्या पातळ्यांचा तक्ता घेऊन बसलेलं असतं, "विद्यार्थी अमुक गावाचा भरतीरेषेचा नकाशा वाचून होमस्टेची जागा सुचवेल" असं करता येण्यासारखं आणि तपासता येण्यासारखं लिहा. २ क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास, त्यात चार युनिट कोंबू नका, दोन ठेवा. आणि रेफरन्समध्ये मराठी पुस्तकं द्या की, आपली मुलं वाचतात, इंग्रजीचीच यादी बघून कंटाळा येतो.

बीओएसमध्ये पास झालं की मिनिट्सचे शब्द तपासा, हे कोणी सांगत नाही. "नवीन अभ्यासक्रमाबाबत चर्चा झाली" असं लिहिलं असेल तर त्याने पुढे काहीच सरकत नाही. हवं ते साधारण असं, "असा ठराव करण्यात येत आहे की, बी.ए. (कोस्टल टुरिझम) या नवीन अभ्यासक्रमाची रचना, पात्रता, प्रवेशक्षमता, परीक्षा योजना व सेमिस्टर १ व २चा सिलॅबस शैक्षणिक वर्ष अमुकपासून लागू करण्यासाठी पुढील मान्यतेस शिफारस करण्यात यावी." तुमच्या कोर्सचं नाव तिथे जसं लिहिलं जाईल तसंच ते मार्कशीटवर छापून येईल, तेव्हा "अँड" आहे की "ॲन्ड", कंस आहे की नाही, सगळं आत्ताच. नंतर नाव दुरुस्त करायचं म्हणजे परत वरपर्यंत सगळा प्रवास.

पुढचा रस्ता बीओएसवरून विद्याशाखा आणि डीन, अधिष्ठाता मंडळ, मग विद्वत परिषद जिला सगळे एसी म्हणतात, कुलगुरू तिचे अध्यक्ष, आणि पैसे-फी-अध्यादेश अशा गोष्टींसाठी व्यवस्थापन परिषद. विद्वत परिषद दर आठवड्याला बसत नाही, अजेंडा आधी बंद होतो, त्यामुळे तुमची फाइल कुठल्या बैठकीला लागणार हे विद्यापीठाच्या ॲकॅडमिक सेक्शनमधून विचारून घ्या. मेलवर मेल पाठवत बसण्यापेक्षा एकदा जाऊन टेबलावरच्या माणसाशी बोलणं जास्त कामाचं, आणि तो माणूस तुम्हाला जे दहा मिनिटांत सांगतो ते सर्क्युलरमध्ये नसतं. तुमच्या आयटमला नंबर मिळतो, तारीख आणि तो आयटम नंबर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पत्रात तो लागतो, सर्क्युलरवरही तोच छापला जातो. बैठक लांबली आणि ॲडमिशन तोंडावर आली तर कुलगुरूंना कायद्याच्या कलम १२(७)खाली तातडीने निर्णय घेता येतो, मग तो परिषदेपुढे ठेवला जातो. पण "बारा-सातमध्ये करून घेऊ" हा प्लॅन म्हणून धरू नका, ती तातडीची तरतूद आहे, आणि तिच्यावर विसंबलेल्या फाइलीत कागद कच्चे राहतात.

आता दुसरी परवानगी, कॉलेजची. इथे कायद्याचं कलम १०९ लागू होतं आणि इथे कॅलेंडर राजा आहे. अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आसपास मागवतात, विद्यापीठ छाननी करून शिफारशीसह शासनाकडे पाठवतं, मंत्रालयातल्या उच्च व तंत्रशिक्षण विभागातून आदेश निघतो. तारखा पुढेमागे होतात म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघायचं, पण हिशोब उलटा लावा. जून २०२८ला पहिली बॅच बसवायची तर कॉलेजचा अर्ज साधारण २०२७च्या सप्टेंबरमध्ये, आणि त्या वेळी कोर्स विद्यापीठात मंजूर झालेला असावा म्हणजे विद्वत परिषद त्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे बीओएस त्याच्याही आधी, म्हणजे तुम्ही २०२६च्या दिवाळीनंतर कामाला लागलेले असायला हवे. दीड वर्ष. "पुढच्या जूनपासून सुरू करू" म्हणणाऱ्या ट्रस्टींना हे कागदावर काढून दाखवा.

अर्जाला लागतं काय, तर संस्थेचा ठराव, महाविद्यालय विकास समितीचा म्हणजे सीडीसीचा ठराव, जागेचे कागद, फायर एनओसी, लायब्ररी, लॅब, नॅकचं म्हणजे दर्जा मूल्यांकनाचं सर्टिफिकेट, एआयएसएचई म्हणजे उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा नंबर, अप्रूव्हड शिक्षकांची यादी, बिंदुनामावली म्हणजे पदांच्या आरक्षणाची नोंद, चालू कोर्समधली विद्यार्थीसंख्या आणि शुल्काचा भरणा. यातली विद्यार्थीसंख्या लोक दुर्लक्षितात. तुमच्या आधीच्या तीन कोर्समध्ये साठपैकी अठरा मुलं बसतायत आणि तुम्ही चौथा मागताय, तर समितीतला कोणीही विचारणार, का हो? त्याचं उत्तर तयार ठेवा, नाहीतर आधी एक रिकामा कोर्स बंद करायचा अर्ज द्या, ते जास्त प्रामाणिक दिसतं आणि स्टाफलाही सोयीचं पडतं.

अर्जानंतर एलआयसी येते. विम्याची नाही, स्थानिक चौकशी समिती. तीन-चार शिक्षक मंडळी येतात, प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये चहा-वडा होतो आणि मग फिरतात. त्यांना बिल्डिंग किती चकचकीत आहे यापेक्षा कागद आणि जागा जुळतायत का यात रस असतो. अर्जात लिहिलंय तीस कॉम्प्युटर आणि लॅबमध्ये अकरा चालू, तर तेच लिहिलं जाणार. कोर्सची पुस्तकं नुसती ऑर्डर केलीयत असं सांगू नका, निदान बिलं दाखवा. शिक्षक अजून नेमले नसतील तर तसं साफ सांगा आणि जाहिरातीचा मसुदा, निवड समितीची मागणी दाखवा. नाहीतर शेजारच्या कॉलेजची मॅडम एक दिवसापुरती आणून बसवायची जी पद्धत आहे, ती समितीतल्या लोकांना पाठ आहे, त्यातली निम्मी त्या मॅडमना ओळखतात.

बृहत आराखडा हा शब्द तुम्ही ऐकला असेल, विद्यापीठ पाच वर्षांचा करतं, कुठे काय हवं याचा. नवीन कॉलेजच काढायचं असेल तर त्यात तुमच्या ठिकाणाचा बिंदू असल्याशिवाय अर्जाला अर्थ नाही. चालू कॉलेजात कोर्स मागणाऱ्यांनी पण तो वाचावा, कारण "किनारी तालुक्यांत कौशल्याधारित अभ्यासक्रमांची गरज" अशा धर्तीचं एखादं वाक्य त्यात सापडलं तर तुमच्या टिपणीची पहिली ओळ तीच, विद्यापीठाचंच म्हणणं विद्यापीठाला परत दाखवायचं.

स्वायत्त कॉलेजवाल्यांचं गणित वेगळं. रुईया, झेवियर्स, मुलुंडचं वझे अशा कॉलेजांचं स्वतःचं अभ्यास मंडळ आणि स्वतःची विद्वत परिषद असते, यूजीसीच्या स्वायत्तता नियमांप्रमाणे ते नवीन डिग्री कोर्स आपल्या परिषदेत मंजूर करून विद्यापीठाला कळवू शकतात, डिग्री मात्र मुंबई विद्यापीठाचीच. ऐकायला स्वर्ग वाटतो, पण तिथेही डिग्रीचं नाव यूजीसीच्या यादीतलंच लागतं, क्रेडिटचा सांगाडाही तोच, आणि बाहेरचे तज्ज्ञ बसवावेच लागतात. वेळ वाचतो, कष्ट नाही. एचएसएनसी किंवा होमी भाभा यांच्यासारखी काही कॉलेजं मिळून बनलेली समूह विद्यापीठं, एसएनडीटी, खासगी विद्यापीठं, यांची मंडळं आपापली. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन डिग्री द्यायची असेल तर ते यूजीसीच्या वेगळ्या मान्यतेचं प्रकरण, कॉलेजने तिकडे बघूच नये.

ही सगळी दगदग नको असेल तर आधी सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा चालवून बघा, मी तर म्हणेन तेच करा. तीस मुलांचा सहा महिन्यांचा कोर्स दोनदा चालवलात, त्यातली दहा मुलं कामाला लागली, तर बीओएसच्या टेबलावर "नोकरी कुठे" या प्रश्नाला तुमच्याकडे नावांनिशी उत्तर असतं, आणि समोरचे गप्प होतात.

जाहिरात कधी करायची? शासनाचा आदेश आणि विद्यापीठाचं संलग्नतेचं पत्र हातात आल्यावर. आधी नाही. "प्रस्तावित" असा बारीक शब्द टाकून बॅनर लावणं, फॉर्म विकणं, डिपॉझिट घेणं हे सगळं चालतं बाजारात, पण परवानगी नाही आली तर त्या मुलांच्या एनरोलमेंट होत नाहीत, परीक्षेचा फॉर्म भरला जात नाही, आणि त्या पोरांचं वर्ष जातं. पालकांनीही ॲडमिशन घेताना कॉलेजकडे हे दोन कागद मागावेत, त्यात लाजायचं काही नाही, क्लार्क वैतागला तर वैतागू दे.

पहिली बॅच बसली की लोक सुस्तावतात आणि तिथेच खरी पंचाईत होते. तुम्ही पहिल्यांदा पास करून घेतला तो बहुतेक सेमिस्टर १ आणि २चाच सिलॅबस असतो. ३ आणि ४चा सिलॅबस त्याच रस्त्याने, बीओएस, डीन, विद्वत परिषद, असा परत जावा लागतो आणि तो मुलं दुसऱ्या वर्षात यायच्या आत निघाला पाहिजे, म्हणजे पहिल्या बॅचचं पहिलं सेमिस्टर चालू असतानाच लिहायला घ्या. शिवाय पहिल्या संलग्नतेची मुदत बघा, ती वाढवून घ्यायचा अर्ज आणि त्याची फी वेळेत भरा, शिक्षकांचं अप्रूव्हल लावा, पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या मुलांना सर्टिफिकेटसाठी लागणारे जादा क्रेडिट कुठे मिळणार ते ठरवा, आणि सगळ्यांचे एबीसी आयडी, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधले नंबर, काढून घ्या, मे महिन्यात रिझल्टच्या वेळी ते शोधत बसायला कोणालाच वेळ नसतो.